गेम अर्धवट का येतात? डेव्हलपर आळशी झालेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘लहानपणापासून गेम खेळतोय. हल्ली मोठ्या कंपन्यांचे गेम पूर्ण पैसे मोजूनही अर्धवट हातात पडतात, वर आत दुकान थाटलेलं असतं. एकट्यादुकट्याने केलेले छोटे गेम मात्र जीव लावतात. डेव्हलपर आळशी झालेत, की माझंच वय झालं?’

मी या धंद्यात टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणारा, म्हणून शिरलो, नंतर डिझाइनकडे वळलो, आणि खेळायचं वेड अजून सुटलेलं नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. आळशी कुणी नाही. उलट शेवटच्या महिन्यांत टीमला इतकं राबवलं जातं की कित्येक चुका त्या थकव्यातूनच होतात. माझं म्हणणं असं की, गेम तुमच्याकडून पैसे नेमके कधी घेतो ते आधी बघा. त्याची जवळपास सगळी रचना त्या क्षणाकडे झुकलेली दिसेल, मग गेम चांगला असो की वाईट. आणि हे काही आजचं नाही.

आर्केडपासून बघू. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, १९८० चा पॅक-मॅन, हे नाण्यावर चालायचे. एका नाण्यात माणूस तासभर खेळत राहिला तर मशीनच्या मालकाने खायचं काय? म्हणून गेम काही मिनिटांत मारायचा, पण असा मारायचा की थोडक्यात हुकलं असं वाटून हात पुन्हा खिशात जावा. बऱ्याच मशीनच्या बोर्डावर बारीक स्विच असत. किती लाइफ द्यायच्या, गेम किती अवघड ठेवायचा, हे मालक त्यावरून ठरवायचा. ‘जुने गेम कसे कस लावायचे’ असं आपण कौतुकाने म्हणतो, त्यातला बराचसा कस गल्ल्यासाठी होता.

मग कार्ट्रिज, म्हणजे टीव्हीला जोडायच्या मशीनमध्ये खोचायची गेमची डबी, घरात आलं. पैसे एकदाच, दुकानात. पण अमेरिकेत गेम भाड्यानेही मिळत, आणि सुट्टीच्या दोन दिवसांत संपणारा गेम विकत कोण घेणार? १९९४ च्या ‘द लायन किंग’ या गेमची दुसरीच लेव्हल कित्येक पोरांना कधी पार करता आली नाही. तो बनवणाऱ्या वेस्टवुड स्टुडिओच्या लुई कॅसल यांनी पुढे सांगितलं, की अवघडपणा वाढवण्यामागे हे भाड्याचंच गणित होतं.

आता उलटं उदाहरण घ्या. डिसेंबर १९९३ मध्ये डूम हा गेम आला. त्याचा पहिला भाग फुकट होता, कॉपी करून मित्राला द्या असं कंपनीच सांगत होती. उरलेले दोन भाग हवे असतील तर पैसे पाठवा. म्हणजे पैसे कधी, तर माणसाने भरपूर खेळून झाल्यावर. साहजिकच पहिल्या भागात जीव ओतावा लागला. बहुतेक खेळाडूंना डूमच्या लेव्हल आठवतात त्या पहिल्या भागातल्याच, आणि त्यातल्या बहुतेक डिझाइनर जॉन रोमेरोने केलेल्या. विक्रीची पद्धतच अशी होती की चांगलं ते पुढे ठेवणं भाग होतं.

‘माझंच वय झालं का’ याचं उत्तर इथेच उरकतो. थोडंसं, हो. जुन्या काळातले आपल्याला आठवतात ते गाळून उरलेले गेम. १९८२ चा ‘ई.टी.’ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना साधारण पाच आठवड्यांत बनवावा लागला, कारण नाताळची विक्री चुकवायची नव्हती. न खपलेली कार्ट्रिज ती विकणाऱ्या अटारी कंपनीने न्यू मेक्सिकोत कचऱ्याच्या डेपोत पुरली, २०१४ मध्ये ती खणून बाहेर काढली गेली. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेतला सगळा बाजारच कोसळला. घाईघाईने रेटलेला कचरा आजचा शोध नाही. फरक एवढाच की तेव्हा पॅच, म्हणजे गेम विकल्यानंतर इंटरनेटवरून पाठवायची दुरुस्ती, नव्हता.

आणि पॅच हाच कळीचा मुद्दा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पॅच नव्हता तेव्हा गेमची शेवटची तारीख खरोखर शेवटची असायची. डिस्क छापायला गेली की संपलं. आता डिस्क छापायला जाते आणि टीम दुसऱ्या दिवसापासून ‘डे वन पॅच’वर, म्हणजे रिलीजच्या दिवशीच द्यायच्या दुरुस्तीवर, बसते. वाईट काही नाही त्यात. पण मॅनेजरच्या डोक्यात ‘नंतर करू’ नावाची एक खोली उघडते, आणि ती कधी भरत नाही.

लोक चिडून विचारतात, ‘एवढी मोठी चूक, एवढा मोठा बग टेस्टरना दिसला नाही?’ दिसला होता. पहिल्या दिवशी तुम्हाला सापडलेल्या बगांपैकी बहुतेक कंपनीच्या डेटाबेसमध्ये नंबरासकट पडलेले असतात, काही तर वर्षभर आधीपासून. दर आठवड्याला किंवा रिलीज जवळ आल्यावर रोज, ट्रायाज नावाची बैठक होते. प्रत्येक बगचं तिथे दोन बाजूंनी वजन होतं: तो किती नुकसान करतो आणि किती वेळा येतो. गेम क्रॅश होतो आणि हमखास होतो, तो आधी. सेव्ह फाइल खराब होते, तो त्याच्याही आधी. ‘गाडीवर बसताना पात्राचा हात दारातून आरपार जातो’ हा तळाशी. मग तारीख जवळ आली की तिसरं वजन येऊन बसतं: हा दुरुस्त करताना दुसरं काय मोडेल? रिलीजच्या दोन आठवडे आधी ॲनिमेशनच्या मुळाशी हात घालायला कोणताही शहाणा प्रोग्रामर तयार होत नाही, आणि बरोबरच करतो. बगवर शिक्का बसतो, ‘असाच जाऊ द्या’. टेस्टर म्हणून स्वतः नोंदवलेला बग नंतर खेळाडूंच्या व्हिडिओत लाखो लोकांना हसवताना पाहणं, हा या नोकरीतला ठरलेला अनुभव आहे.

काही बग मात्र खरंच सापडत नाहीत, त्यामागे साधं अंकगणित आहे. पन्नास टेस्टर रोज आठ तास खेळले, वर्षाचे अडीचशे दिवस, तर होतात एक लाख तास. रिलीजला दहा लाख लोक एक तास खेळले की झाले दहा लाख तास. कंपनीने वर्षभरात जेवढं खेळून बघितलं त्याच्या दसपट, पहिल्या संध्याकाळी.

‘पण प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाल्या कन्सोल कंपन्या गेम तपासतात ना?’ तपासतात. पण त्यांच्या तपासणीची यादी वेगळी असते. कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबतो का, सेव्ह होत असताना तशी सूचना येते का, दुसऱ्या युजरने लॉगिन केलं तर काय होतं, असे मुद्दे. गेम मजेशीर आहे का, फ्रेम रेट पडून चित्र अडखळतं का, मिशन अडकतं का, हे त्या यादीत जवळपास नसतंच. शिवाय यादीतली एखादी गोष्ट बसत नसेल तर ‘पॅचमध्ये करतो’ या शब्दावर सूटही मिळते.

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर सायबरपंक २०७७ हा गेम घ्या. १० डिसेंबर २०२० ला आला. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो अक्षरशः धापा टाकत होता. रिलीजआधी समीक्षकांना मिळाली ती फक्त पीसीची कॉपी. आठवडाभरात सोनीने तो स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला, आणि तो परत यायला जून २०२१ उजाडला. आता पैशाचा क्षण बघा. ८० लाखांवर प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच केलेल्या खरेदी, झाल्या होत्या, आणि डिजिटल प्री-ऑर्डरमधूनच निर्मितीचा आणि जाहिरातीचा खर्च भरून निघाल्याचं कंपनीने जाहीर केलं. पैसे आले ते ट्रेलरवर, त्यामुळे सगळ्यात जास्त घासूनपुसून तयार झाला तो ट्रेलर. पुढे दोन-तीन वर्षं राबून त्यांनी गेम खरंच सुधारला, २०२३ मधला ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार तर उत्तम आहे. पण ‘शेवटी सुधारला ना’ असं म्हणून जे लोक मोकळे होतात ते मला पटत नाहीत. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत दिली त्यांनी सर्वात वाईट आवृत्ती खेळली, आणि थांबलेल्यांनी कमी पैशात सर्वात चांगली. हा उफराटा न्याय आहे, आणि प्री-ऑर्डर करून आपणच तो टिकवून ठेवतो.

बजेटचंही बोलायला हवं, नाहीतर हे सगळं नुसत्या हावरटपणाचं वाटेल. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीची काही कागदपत्रं कोर्टात गेली. आकडे मार्करने काळे केले होते, पण स्कॅनमध्ये ते वाचता येत होते. त्यातून कळलं की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ ला साधारण २२ कोटी डॉलर लागले. एवढा खर्च एखाद्या स्वतंत्र पब्लिशरने केला असं धरा. ७० डॉलरच्या गेममधून दुकानाचे ३० टक्के गेले की हातात उरतात ४९. म्हणजे फक्त खर्च वसूल करायला पूर्ण किमतीच्या साधारण ४५ लाख कॉपी विकाव्या लागतील, आणि जाहिरात यात धरलेलीच नाही. दुसरीकडे मोठ्या कन्सोल गेमची किंमत २००५-०६ पासून २०२० पर्यंत ६० डॉलरवरच अडकलेली होती. महागाई धरली तर गेम दरवर्षी स्वस्त होत गेले आणि बनवायचा खर्च मात्र कित्येक पटींनी वाढला. ही दरी कुठून तरी भरायची होती. २००६ मध्ये ओब्लिव्हियन या गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा जगभर हसू झालं. हसणाऱ्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कारण इथून पैशाचा क्षण गेमच्या आत शिरला.

एकदा का दुकान आत आलं की डिझाइनरच्या टेबलावरचा प्रश्नच बदलतो. ‘इथे खेळाडूला मजा येतेय का’ याऐवजी ‘इथे त्याला किती टोचलं की तो पैसे देईल, पण सोडून जाणार नाही’ असा हिशेब सुरू होतो. मी अशा बैठकांना बसलोय. कुणी खलनायकासारखं हसत नसतं, सगळे सभ्यपणे आलेख बघत असतात. दोन दोन चलनं असतात, म्हणजे खऱ्या पैशाशी धागा तुटावा. चलनाची पाकिटं अशा आकड्यात विकतात की खरेदीनंतर थोडं उरावंच, आणि ते उरलेलं डोळ्यांत खुपावं. बॅटल पासला, म्हणजे ठरावीक मुदतीत खेळून बक्षिसं मिळवायच्या विकतच्या पासला, तारीख असते, म्हणजे कंटाळा आला तरी लॉगिन करावं. गाचामध्ये चिठ्ठी काढावी तसं पात्र काढायचं. गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये पात्रांच्या सोडतीत पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, आणि नव्वदाव्या ओढीला, म्हणजे चिठ्ठी काढण्याच्या नव्वदाव्या खेपेला, ते हमखास मिळतं. ही हमखास मिळण्याची मर्यादा दयाळूपणाची वाटते, पण सत्तर ओढी झाल्यावर मागे फिरणं कुणालाच जमू नये हाही तिचा उपयोग आहे.

कधीकधी खेळाडू हे उघडं पाडतात. २०१७ च्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला चाळीसेक तास खेळावं लागेल असा हिशेब कुणीतरी मांडला. त्यावर गेम विकणाऱ्या ईए कंपनीने दिलेल्या उत्तराला रेडिट या चर्चेच्या साइटवर साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली, आणि रिलीजच्या आदल्या रात्री गेममधली खरेदी बंद करावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल हे नशिबावर असलेल्या पेट्या, हा जुगारच आहे असं ठरवलं. डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या एपिक कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी डॉलर खेळाडूंना परत द्यायचे होते, कारण बटणांची मांडणी अशी होती की नको असताना एका दाबात खरेदी होऊन जाई.

आणि याच जगातला एक विनोद. बलाट्रो नावाचा, एका माणसाने बनवलेला छोटा गेम २०२४ मध्ये आला. पत्ते आहेत, पोकरचे हात आहेत, पण खरा पैसा कुठेच लागत नाही. युरोपच्या वयोगट ठरवणाऱ्या पेगी या संस्थेने त्याला १८+ चा शिक्का मारला, कारण म्हणे जुगाराचं चित्रण. खऱ्या पैशाने फुटबॉलपटूंची बंद पाकिटं विकणारा ईएचा फुटबॉल गेम मात्र तेव्हा ३+ होता. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बलाट्रो १२+ वर आला. चित्र दिसलं की नियम जागे होतात, व्यवहार दिसला तर डुलक्या घेतात.

लाइव्ह सर्व्हिसचं, म्हणजे वर्षानुवर्षं चालू ठेवून आत सतत काही विकत राहायच्या ऑनलाइन गेमचं, वेड हे याच वाटेचं टोक. प्रत्येक मोठ्या कंपनीला स्वतःचा फोर्टनाइट हवा असतो. पण लोकांचा वेळ आधीच वाटून गेलाय: रोब्लॉक्स २००६ चा, लीग ऑफ लेजंड्स २००९ चा, जीटीए ५ २०१३ चा, फोर्टनाइट स्वतः २०१७ चा. नव्या गेमला दुसऱ्या नव्या गेमशी लढायचं नसतं, माणसाच्या दहा वर्षांच्या सवयीशी आणि तिथे जमलेल्या त्याच्या मित्रांशी लढायचं असतं. सोनीचा कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. सगळ्यांना पैसे परत. ऑक्टोबरमध्ये स्टुडिओही बंद केला. गेम फार वाईट होता असं नाही, गोळीबार हाताला छान लागत होता. पण दुसरीकडे तेच फुकट मिळत असताना ४० डॉलर का द्यायचे, याचं उत्तर त्यात नव्हतं.

मग छोटे गेम जीव का लावतात? बऱ्याचदा कारण एवढंच की तिथे पैसे एकदा घेतले जातात, आणि तोंडी शिफारशीवर घेतले जातात. दुसऱ्याला सांगावंसं वाटेल असा गेम करण्याशिवाय त्यांच्याकडे जाहिरातीचा दुसरा मार्ग नसतो. एरिक बॅरोनने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून स्टारड्यू व्हॅली केला, चित्रं, संगीत, कोड सगळं. २०१६ पासून तो फुकट अपडेट देतोय आणि विक्री चार कोटींच्या पुढे गेलीय. पण इथे जरा सावध राहा. २०२४ मध्ये एकट्या स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. त्यातले बहुतेक कुणी पाहिलेही नाहीत, आणि त्यातही कुणीतरी चार वर्षं घातलेली असतील. ‘छोटा म्हणजे चांगला’ हा समजही तितकाच भाबडा आहे.

मोठ्या टीमनाही हे जमतं, पण अटी आहेत. लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीला, होता. पैसे आधी घेतले, पण बदल्यात पहिला अंक खेळायला दिला आणि लोकांचं ऐकत तीन वर्षं तो घासला. गंमत म्हणजे गेम पूर्ण आला तेव्हा पहिला अंक चकचकीत होता आणि तिसरा, जो आधी कुणी खेळला नव्हता, तिथे बग आणि अडखळणं जास्त. कारण इतकी वर्षं लोकांच्या नजरेसमोर होता तो पहिला अंक.

दुसरी अट म्हणजे माणसं टिकणं. खेळाडूंच्या चर्चेत हे फार कमी येतं. निन्टेंडोच्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये वाटेल ती वस्तू वाटेल त्या वस्तूला चिकटवता येते आणि तरी गेम कोसळत नाही. आधीच्या गेमवर काम केलेली माणसं तिथेच होती, आणि जवळपास तयार झालेल्या गेमला फक्त घासण्यासाठी एक वर्ष जास्त मिळालं. विक्री पडली तेव्हा, २०१४ मध्ये, निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्याने कापला होता. याच्या उलट मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं, जेमतेम सव्वा वर्षापूर्वी त्यांच्या हाय-फाय रश या गेमचं सगळीकडे कौतुक झालेलं असताना. नंतर क्राफ्टन या दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं ही गोष्ट वेगळी. ॲनिमेशनची यंत्रणा लिहिणारा माणूस गेला की पुढची टीम तीच यंत्रणा उकलण्यात सहा महिने घालवते, आणि ते सहा महिने तुमच्या गेमच्या पॉलिशमधून कापले जातात.

सर्व्हर बंद करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गेम पुरा पैसा घेऊन अर्धवट देण्याचा हा सर्वात टोकाचा प्रकार आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण तोही सर्व्हरला बांधलेला होता. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपातल्या तिच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. कंपन्या म्हणतात, तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. चालू गेमसाठी ते बऱ्याच अंशी खरं आहे. मागची यंत्रणा डझनभर भाड्याच्या सेवांवर उभी असते, ती खेळाडूंच्या हातात देता येत नाही. पण पहिल्या दिवसापासून ‘एक दिवस हे बंद होणार’ असं धरून आराखडा केला तर ऑफलाइन मोड किंवा खासगी सर्व्हरची सोय ठेवणं अशक्य नाही. तसं करायचं कारण आज कंपनीकडे नाही, एवढंच. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून डिजिटल दुकानांना स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही विकत घेताय तो फक्त परवाना आहे. पाटी लावली, छान. गेम त्याने वाचत नाही.

शेवटी, गेम घेताना मी काय बघतो ते सांगतो, कारण तुमच्या चिडचिडीवर तेवढंच औषध आपल्या हातात आहे. प्री-ऑर्डर नाही, कुठल्याच आवडत्या स्टुडिओची नाही. डिजिटल कॉपी संपत नसतात, घाई कशाची? गेमच्या दुकानात दोन चलनं दिसली आणि गेमला पूर्ण किंमतही असली, तर मी सरळ पुढे जातो. पीसीवर स्टीमचे पैसे चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परत मिळतात. ते दोन तास पात्राचं नाक घडवण्यात घालवू नका. सरळ गर्दीच्या ठिकाणी जा, कॅमेरा गरगर फिरवा, एखादी लढाई करा. पहिल्यांदाच काही स्फोट किंवा जादू दिसली की चित्र क्षणभर अडकतं का ते बघा. अडकत असेल तर बहुधा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, त्याच वेळी तयार होत आहेत: कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्याने तिथे ते आधीच तयार करून देता येतात, पीसीवर प्रत्येकाचं ग्राफिक्स कार्ड आणि ते चालवणारा ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते तुमच्या मशीनवर तयार करावे लागतात. चांगली टीम हे काम सुरुवातीलाच, ‘शेडर तयार करत आहोत’ अशी पट्टी दाखवून उरकते. दुसऱ्या वेळी तोच स्फोट सुरळीत दिसला तर ही अडचण पॅचने सुटण्यासारखी आहे, थोडं थांबून पुन्हा घ्या. पण नुसतं चालतानाही दर काही सेकंदांनी गचका बसत असेल, तर दुखणं खोलवर आहे, आणि ते महिनोन्‌महिने जात नाही असं मी पाहिलंय. पैसे परत मागा.